हातमोज्यांची पेटी

बोंडअळीने कपाशी पोखरली त्या वर्षांत मी मारेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि अख्ख्या तालुक्यात मला लांब हातमोज्यांची एक जोडी मिळत नव्हती. विज्ञान प्रदर्शनासाठी अवकाशस्थानकातल्या प्रयोगपेटीचं मॉडेल करायचं होतं. तिथे सगळं तरंगतं. सांडलेला थेंब खाली पडत नाही, भटकत जाऊन डोळ्यात शिरतो. म्हणून प्रयोग बंद पेटीत करायचे, पेटीलाच बसवलेल्या हातमोज्यांत बाहेरून हात घालून. जुन्या शोकेसच्या काचांची पेटी झाली. मोजे कुठून आणायचे? कृषी केंद्रात विषाच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या. दुकानदार हसला. "मॅडम, लोकं औषध मांगते. मोजे कोन मांगते?"

शेवटी यवतमाळहून रबरी जोडी आणली, तीही चार दुकानं पालथी घालून.

शाळेचे शिपाई, त्यांना मी भाऊ म्हणत असे, सुटीच्या दिवशी लोकांच्या शेतात फवारणीला जायचे. शनिवारी पेटी त्यांनीच पुसली. "मॅडम, हे मोजे कायले?" मी ऐटीत समजावलं, आतला थेंबसुद्धा अंगाला लागत नाही. ते मोज्यांत हात घालून बराच वेळ बोटं हलवत राहिले.

"मंग उद्याच्या दिवस मले देता काय? संध्याकाळी आनून देतो."

"अहो भाऊ, आत्ताच चिकटवलेत. सोमवारी प्रदर्शन आहे!" मी खेकसलेच. ते "बरं" म्हणाले.

प्रदर्शनाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'दैनंदिन जीवनातील उपयोग'. आम्हा मास्तर लोकांचा हात सवयीने चालतो. रकाना कोरा म्हणून ठेवायचा नाही. मी लिहिलं, निरंक.

सोमवारी घंटा दुसऱ्याच कोणी दिली. भाऊ दवाखान्यात होते. फवारता फवारता ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. मोज्यांनी ते टळलं असतं का, मला ठाऊक नाही. परीक्षकांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "बाई, याचा इथे काहीच उपयोग नाही?" मला संताप आला, त्यांचा, त्या दुकानदाराचा, आणि सगळ्यांत जास्त माझाच.

भाऊ पंधरा दिवसांनी आले. अशक्तपणा उतरला नव्हता. मी ब्लेडने मोजे सोडवून त्यांच्यापुढे धरले.

"ठेवा मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "फवारनी तं झाली. पुढच्या वर्षी बी परदर्शन येईनच ना."