महाराजांच्या लेकीचं लग्न

सिताबाईचा नवरा मेला नव्हता, परागंदा झाला नव्हता, दुसरी करून बसला नव्हता. तो महाराज झाला होता. पहिल्या तिन्हींवर भावकी काहीतरी तोडगा काढते. चौथ्यावर मात्र लोक बाईच्याच पाया पडतात आणि निघून जातात.

मूळचा हा गोरोबा. कळंबला टेम्पोवर ड्रायव्हर. टेम्पो कमी चालायचा, जीभ जास्त. लेक रांगत असताना तो परंड्याकडच्या एका मठात जाऊन बसला आणि जुने महाराज गेल्यावर योगीराज महाराज होऊन गादीवर चढला. संन्यास घेताना रिवाजाप्रमाणं त्यानं स्वतःचं श्राद्ध स्वतःच घातलं. कावळा म्हणे पिंडाला लगेच शिवला.

"शिवंल न्हाय तर काय," सिताबाई म्हणाली. "त्याच्या जिवाला कसला घोर? सगळा माझ्या गळ्यात टाकून गेला."

ती भावाच्या, मल्हारच्या शेजारी खोपट घालून राहिली. शेळ्या राखून तिनं लेकीला, करिश्माला, नर्सिंग शिकवलं. आता पोरीचं लग्न ठरलं होतं, आणि सिताबाईला एकच गोष्ट हवी होती. कन्यादानाला पोरीचा बाप पाटावर बसावा. महाराज भक्तांच्या लग्नांना जातातच की! पत्रिका घेऊन ती मठात गेली.

मठाचा कारभार भागवत बघायचा. तो म्हणाला, "आईसाहेब, संन्याशाला लेक नसती."

"मग ती काय वाऱ्यावर झाली व्हय?"

"असं बोलू नका. महाराज नात्यागोत्यात जात न्हायत, शिष्यांकडं जातात. तुमी माळ घाला. शिष्य झालात की महाराजांचे पाय तुमच्या दारात."

सिताबाईनं लेकीसाठी तेही केलं. गुरुवारी नवऱ्याच्या पाद्यपूजेला बसली. पूर्वी याच टाचांच्या भेगांत ती मेण भरायची. आता टाचा लोण्यासारख्या झाल्या होत्या. पाय धुतले, तीर्थ प्याली. महाराजांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि डोळे मिटून म्हणाले, "आजपासून मांस-मच्छी वर्ज्य, माय."

नवऱ्यानं 'माय' म्हटलेली पंचक्रोशीतली ती पहिलीच बायको असावी. आणि वर्ज्य काय, तर मटण! सिताबाई नळी चोखायला बसली की दारातलं कुत्रं आशा सोडून उठायचं, अशी तिची ख्याती.

लग्नाला महाराज आले. जीपा भरून भक्त आले. मंडपात उंच खुर्ची मांडली होती. वऱ्हाड नवरा-नवरीला सोडून तिकडंच रांगेला लागलं. भटजींनी विचारलं, "कन्येचे वडील कुठं आहेत?"

सिताबाई खुर्चीजवळ गेली. "उलिसं पाटावर बसता का? पोरीसाठी."

महाराज तिच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडं बघत म्हणाले, "भागवत..."

"माय, लायनीत या," भागवतनं तिला हळूच बाजूला केलं.

शेवटी मामाच पाटावर बसला. अक्षता पडल्यावर करिश्माही पाया पडायला रांगेतून पुढं आली. महाराजांनी मायेनं डोक्यावर हात ठेवला. "कल्याण! नाव काय बाळा तुझं?"

ते नाव गोरोबानंच ठेवलं होतं. त्याच्या आईला पोरीचं नाव ठकूबाई हवं होतं, तर गडी दोन दिवस भाकरीला शिवला नव्हता. सिताबाईनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. कुठं नाटक दिसतंय का? नव्हतं. नाटक असतं तर तिला बरं वाटलं असतं.

करिश्मा उठली आणि म्हणाली, "सिताबाईची लेक."

महाराजांनी तिच्या हातात नारळ दिला आणि पुढच्याच्या डोक्यावर हात ठेवला.

लग्नानंतर घरी भवानीचा गोंधळ घातला, बोकड कापला. मल्हारनं सगळ्यांना मटण वाढलं. "आक्का, तुझं पिठलं चुलीपाशी झाकून ठेवलंय."

सिताबाईनं गळ्यातली माळ काढली आणि शेळीच्या खुंट्याला अडकवली.

"आक्का! गुरूची माळ उतरवू न्हाय, पाप लागतंय!"

"लागू दे. त्यो सोताचं श्राद्ध घालून मोकळा झाला. सुतक मात्र म्याच पाळत बसले, आजपातूर. आज फिटलं." तिनं ताट पुढं केलं. "वाढ. नळी वाढ."

दारातलं कुत्रं तिच्याकडं बघून उठलं आणि शेजारच्या घराकडं चालू लागलं.