दिग्गीच्या सुरंगीची रेघ

"ही दिग्गीची सुरंगी नाहीच! कुणीतरी मला फसवलंय!" मालतीबाई ओरडत होत्या. जोयड्याच्या रेस्ट हाऊसचा व्हरांडा, टेबलावर पसरलेला लांबलचक कागद, कागदावर शाईची वाकडीतिकडी रेघ, आणि त्या रेघेवर आपटणारं बाईंचं बोट. आवाज असा की पलीकडच्या कचेरीतली माणसं खिडकीत आली. झाडावरची वानरंसुद्धा खाली उतरून हात जोडून बसली होती, असंही मी म्हटलं असतं. पण नको. आज वानरं नकोत. आज मला सरळ सांगायचंय, आणि तेच मला येत नाही.

तुम्ही मला ओळखता. रामनगरच्या स्टँडवर जीप लावणारा परसू. माझ्या गोष्टीतलं अस्वल दरवर्षी हातभर वाढतं. पुरात मी काळी नदी जीपनं पार केली आणि मागच्या सीटवरच्या म्हातारीची झोपसुद्धा मोडली नाही, हे तुम्ही ऐकलंय, हसलायही. ही गोष्ट मात्र ऐकलेली नाही. कुणीच नाही. माझ्या बायकोनंही नाही — आणि यात चूल तर तिचीच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मालतीबाई शहरातून झाडांच्या अभ्यासाला आल्या होत्या. गुंद गावाकडची सुरंगी आणि डोंगरावरच्या दिग्गीकडची सुरंगी आतून एकच, की रानागणिक वेगळी, हे त्यांना फुलांच्या परागांवरून बघायचं होतं. ती पिवळी भुकटी मिठासारख्या पांढऱ्या पुडीत मिसळायची, दाबून चकती करायची, आणि शहरातल्या यंत्रात तिच्यातून उजेड सोडायचा. साधा उजेड नव्हे — डोळ्याला न दिसणारा, निखाऱ्याच्या धगीत असतो तसला. परागात तेल किती, प्रथिनं किती, वरचं कवच कशाचं, त्याप्रमाणे तो उजेड जागोजाग गिळला जातो, आणि तिथं कागदावरची रेघ खाली बुडते. बाई म्हणायच्या, उजेडापुढं काही लपत नाही.

मी स्टँडवर येऊन काय सांगितलं? की त्या यंत्रात माणूस बसवला तर त्याच्या मनातलं कागदावर उमटतं, आणि परसू शेजारी उभा असल्याशिवाय ते यंत्र सुरूच होत नाही. लोक मला अर्धा शास्त्रज्ञ म्हणायचे. म्हणायचे म्हणजे — मीच म्हणायला लावलं होतं.

आता बुधोचं सांगायला हवं. टाळतोय, कळतंय मला.

बुधो दिग्गीचा. झाडावर चढून फुलं उतरवायचं काम त्याचं. दिग्गीची ती सुरंगी देवाच्या राईत. राईतल्या झाडाला हात लावायचा तर आधी अनवाणी उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं — कोण आलंय, काय नेणार, कशासाठी नेणार, सगळं खरं खरं सांगावं लागतं. तो मान बुधोच्या घराचा, बाप-आज्यापासूनचा. बाईंसाठी त्यानं गाऱ्हाणं घातलं, कळ्या उमलायच्या आत चढला, आणि डोंगर उतरून जीप उभी असते तिथवर ती फुलं आणून माझ्या हातात दिली. मी वर गेलोच नव्हतो. गुडघा दुखतो म्हणालो होतो.

माझं काम एकच — फुलं कागदावर पसरून सावलीत सुकवायची, हलवत राहायची, मग पराग झाडून घ्यायचे. ऊन नको, चुलीची धग तर नकोच, आतला सगळा माल बदलतो, असं बाईंनी बजावलं होतं. आणि मी? गावात देवळापुढं नाटक बसत होतं. त्यात मी दैत्य. दैत्याशिवाय तालीम कशी व्हायची? घरी चुलीवर बांबूची ताटी टांगलेली. आमच्याकडं जे सुकवायचं ते त्या ताटीवर — कोकमाची सोलं, बियाणं, सुकट. मीही ते कागद तिथंच ठेवले आणि गदा घेऊन गेलो. खाली, मेहुणे आले म्हणून, बायको कारवारचे बांगडे तळत होती.

परत आलो तर फुलं कडकडीत वाळलेली, आणि कागदाला तेलाचे डाग. मी पराग नव्या कागदात झाडून घेतले. डागाळलेले कागद चुलीत घातले. दिग्गीची चिठ्ठी तेवढी जुनीच लावली. मलाच वास येत नव्हता, तर यंत्राला काय येणार?

आला. गुंदची फुलं मी आधी नीट सावलीत सुकवली होती, त्यांची रेघ हवी तशी; दिग्गीची भलतीच. जिथं तेल दिसायचं तिथं विहिरीएवढा खड्डा, प्रथिनांची जागा सरकलेली. आणि सुरंगीचा बहर तर संपला होता. म्हणजे बाईंचं वर्ष गेलं.

इथवर चूक म्हणा. इथून पुढं चूक नाही.

"वर कोण गेलं होतं? तू होतास ना बुधोबरोबर?" बाईंनी मला विचारलं. बुधो व्हरांड्याच्या पायरीखाली उभा. फुलं सुकवली कुणी, हे त्यांनी विचारलंच नाही. ते माझ्याकडंच होतं, आणि माझ्यावर त्यांचा भरवसा होता. मी काय बोललो?

"मी वर न्हवतो, बाई. बुधो एकटाच गेलता."

शब्द न् शब्द खरा. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नसेन.

बुधो म्हणाला, "देवापुढं सांगून काढलीत फुलं, बाई. त्याच झाडाची हायत."

"मग देवालाच विचार, रेघ अशी का आली ते!" बाई म्हणाल्या. त्याला पुन्हा बोलावू नकोस, असं मला त्याच्यासमोरच सांगितलं. बुधोनं माझ्याकडं बघितलं. ती फुलं कुणाच्या हातात दिली होती, हे त्याला ठाऊक होतं. मी पायरीलगत लावलेल्या जीपचं चाक पायानं दाबून बघत होतो, हवा कमी झालीय का म्हणून. हवा ठीक होती.

बस्स? नाही. स्टँडवर लोकांनी विचारलं, बाई का ओरडल्या? गप्प बसता आलं असतं. पण मी गप्प कधी बसलोय? माझ्या गोष्टीत बुधोनं राईत पाऊलच टाकलं नाही, झाडाखाली ताणून दिली, आणि घरामागची झेंडूची फुलं कुटून पुडीत भरली. घोरायचा आवाजसुद्धा काढून दाखवला मी. लोक पोट धरून हसले. माझ्या अस्वलावर कधी कुणी विश्वास ठेवला नाही. हे तेवढं सगळ्यांनी खरं मानलं. जीप गावोगाव जाते, गोष्टही गेली. दिग्गीत पोचली तेव्हा तिच्यातलं हसू गळलं होतं. उरलं एवढंच — बुधो देवापुढं खोटं बोलला. पुढच्या खेपेला राईत गाऱ्हाणं दुसऱ्या घरच्या माणसानं घातलं. बुधो मागं उभा होता, बायकामुलांच्या पलीकडं. मी बघितलंय. पुढं बुधो वारला, आणि त्या घराकडं तो मान परत आला नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी विचारण्याची वाट बघत बसलो, असंही नाही. मला भीती वाटायची ती एवढीच, की कुणीतरी विचारेल. अजून वाटते. स्टँडवर कुणी दिग्गीचं नाव काढलं की मी घाईनं अस्वलाची गोष्ट काढतो.

त्या दिवशी मात्र, व्हरांड्यावरून निघालो तेव्हा, बुधो माझ्याच जीपमध्ये होता. शेजारच्या सीटवर. मी बडबडत राहिलो — रस्त्याबद्दल, गिअरबद्दल, नाटकाबद्दल. तो समोर बघत होता. जोयडा मागं पडलं, रान दाट झालं, दोन्ही बाजूंना घर नाही की माणूस नाही, दिग्गी अजून बरीच लांब. शेवटी मी म्हणालो, "मनावर घिऊ नगंस, बुधो. शिकल्याली माणसं अशीच. म्होरल्या बहराला मी सांगतो बाईस्नी, तुलाच घ्या म्हणून."

तो म्हणाला, "थांबीव, परसूअण्णा. हितनं मी चालत जातो."