समोरच्या खिडकीची फळी

कूलर फुल स्पीडवर फिरत होता आणि खाटेवरची बाळंतीण घामानं निथळत होती. मांडीवरच्या लेकराच्या मानेवर घामोळं उठलेलं. तिची आई, सुमनबाई, दारातून म्हणाली, "पाहा ना भाऊ, नवाच आहे, पण हवा जराबी थंडी नाई. लेकरू रातभर रडून राह्यलं."

चंद्रपूरजवळच्या सावली गावातलं हे धानाची शेती करणारं घर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपुरात एका कूलरच्या दुकानात मेकॅनिक होतो. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या जाळ्या, मी काढून पाहिल्या. ओल्या होत्या. पंप पाणी नीट चढवत होता. मशीनमध्ये बिघाड नव्हताच.

बिघाड खोलीत होता. कूलर खोलीच्या आत ठेवलेला, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून समोरच्या खिडकीला फळी ठोकलेली. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. ती थंड होऊन आत येते, तेवढीच दुसरीकडून बाहेर जावी लागते. नाहीतर तीच हवा फिरून ओली होते आणि घाम सुकत नाही. कूलर रस्त्याकडच्या खिडकीत बसवायचा, समोरची फळी काढायची. बस्स.

मी ते सांगितलं नाही. "तक्रार आली की मोठं मॉडेल सुचवायचं, रफीक. सीझन दोन महिन्यांचाच," अशी सेठजींची तंबी होती. मी म्हणालो, "बाई, खोलीच्या मानानं मशीन छोटी आहे. बदलून मोठी घ्या."

"घेतो मंग. लेकरापुढं काय आहे?"

पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली. पदराची गाठ सोडत सेठजींना म्हणाली, "बियाचा धान इकला जी. पेरणीचं पाहू मंग."

घरचं बियाणं. मी पाना खाली ठेवून काउंटरपाशी गेलो.

"बाई, पैसे आत ठेवा. तुमचा कूलर चांगला आहे. त्या खिडकीची फळी काढा."

"रफीक, तू आपलं काम कर," सेठजी म्हणाले.

"तेच करून राह्यलो, सेठजी."

तिच्यासोबत एसटीनं सावलीला गेलो. कूलर खिडकीत बसवला, फळी उपटली, बाळंतिणीची खाट झोतातून बाजूला सरकवली. संध्याकाळी लेकरू झोपलं.

सुमनबाईनं चहा दिला. मग विचारलं, "त्या दिशी फळी दिसली नव्हती का भाऊ?"

"दिसली होती."

ती रिकामा कप उचलून आत गेली.

धान परत मिळाला नाही. व्यापाऱ्यानं तो केव्हाच मिलमध्ये भरडून टाकला होता. त्या वर्षी त्यांनी विकतचं बियाणं पेरलं, तेही महागाचं. माझी नोकरी गेली; त्याचं काही नाही, मेकॅनिकला काम मिळतं.

तेव्हा नवा कूलर घेण्याआधी समोरची खिडकी उघडून पाहा. आणि मेकॅनिकला सरळ विचारा, खर्च न करता काय होईल? तोंडावर विचारलं की बहुतेकांना खोटं बोलता येत नाही. मला आलं असतं का, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.