झाली असंल, काका

चौकशीत मास्तर एकच वाक्य बोलले आणि त्यातच त्यांची नोकरी गेली.

भोकरदनकडच्या एका गावातली खासगी शाळा. कापूस वेचणीला सातवीचा वर्ग अध्यक्षांच्या शेतात पाठवायचा, हा तिथला रिवाज. मास्तरांनी वर्ग पाठवला नाही. लगेच आरोप ठेवला : वरिष्ठांचा अवमान. चौकशी करणार कोण? तर अध्यक्षच! मी तेव्हा पत्रकं लिहायचो. ‘ही शाळा की वेठबिगारीचा अड्डा?’ असं ठळक छापून तालुकाभर वाटलं.

अध्यक्षांना सगळं गाव काका म्हणायचं. मीही त्याच गावचा. चौकशीला त्यांनी मास्तरांसाठी चहा मागवला. म्हणाले, "चूक झाली म्हणा मास्तर, मिटवून टाकू." आमच्याकडं वडीलधाऱ्याला तोंडावर न्हाई म्हणत नाहीत. मास्तर म्हणाले, "झाली असंल, काका." कारकुनानं लिहिलं, आरोप मान्य. मास्तर बडतर्फ.

अपील केलं. मंग तारखा. वकील जालन्यात, मस्तगड भागात राहायचे. त्यांच्या जिन्यावर बसून बसून आमच्यातलं बोलणंही संपत आलं होतं.

"कोर्ट नव्यानं चौकशी करत न्हाई," वकील सांगायचे. "रीतसर झाली का, तेवढंच बघतं. आणि तुम्ही तर कबूल करून बसलात."

"कबूल कुठं केलं साहेब? मोठ्या माणसाचा मान राखला."

"न्हाई म्हणायचं होतं ना सरळ!" मी चिडलो.

"तू म्हण की एकदा त्यांच्या तोंडावर," मास्तर शांतपणे म्हणाले. "पत्रकात काय, कुणीबी वाघ होतं."

शेवटी निकाल लागला. बाजू मांडायची संधी दिली होती, आरोप मान्य होता, हस्तक्षेपाला कारण नाही. अपील फेटाळलं. पोरांनी कुणाच्या रानात कापूस वेचायचा होता, याबद्दल एक ओळ नाही. मला संताप यायला हवा होता. पण आली ती जांभई.

कोर्टाबाहेर ऊन तापलं होतं. काकांची जीप आमच्याजवळ येऊन थांबली.

"बसा मास्तर, गावाकडंच चाललो. एसटीला लई टाइम हाय."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. घरी त्यांची बायको निकालाची वाट बघत होती. ते मुकाट मागं चढले, पिशवी मांडीवर घेतली.

"आन् तू रे पुढारी? रागावला का? चल, बस."

किती वाक्यं तयार होती माझ्याकडं! शोषक, हुकूमशहा, पोरांच्या घामावर माजलेला. सगळी छापून झालेली. मास्तर मागून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"नको काका," मी म्हणालो, "जालन्यात थोडं काम हाय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि जीप निघाली. काम काहीच नव्हतं. मी स्टँडकडं चालू लागलो.