पाठमोरे सर

खो-खोच्या मैदानावर येऊन मैदानाकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मुली धावत असायच्या, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेत असायची, आणि हे गृहस्थ लिंबाखाली खुर्ची उलटी फिरवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. आम्ही त्यांना पाठमोरे सर म्हणायचो, अर्थात त्यांच्या पाठीमागेच.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा म्हणून संघ नवा, आणि संघाला शिकवणारे आम्ही शिक्षकही नवेच. जुन्या जिल्ह्याला हरवून दाखवायचं, एवढंच खूळ आमच्या डोक्यात. सर नांदेडकडचे. लोह्याच्या शाळेतून निवृत्त होऊन लेकीकडे लातुरात राहायला आले होते. या पोरासोरांकडे जरा बघा, असं आमच्याबद्दल कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि ते खरोखरच आमच्याकडे बघायला लागले.

रविवारी सराव संपला की ते आम्हा तिघा-चौघांना समोर बसवून घ्यायचे. कुणी सांगायला लागलं की अमकी मुलगी खो द्यायला उशीर करते, तर लगेच हात वर करायचे. "पोरीचं ऱ्हाऊ द्या. तिनं उशीर केला तवा तुमच्या मनात काय चालू होतं?" मला याची भयंकर चीड यायची. एकदा मी फणकाऱ्यानं म्हणाले, "सर, स्पर्धा मुलींची आहे, माझी नाही."

"असं? मग मगाशी कमल चुकली तवा तुम्ही हेडमास्तरच्या खोलीकडं का बघितलं?"

बघितलं होतं खरं. त्या दिवशी रात्रीच्या भाकरी थापतानासुद्धा मी स्वतःशी भांडत होते. पण हळूहळू त्या रविवारांची मला ओढ लागली. दुसऱ्याला शिकवताना आपण काय होऊन बसतो, हे विचारणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

मग दुष्काळाचं साल आलं. शाळेत टँकर यायचा, एक रांजण भरून ठेवायचा. पण सराव संपेस्तोवर पाण्याला शिवायचं नाही हा नियम काही टंचाईमुळे नव्हता, तो आम्हा सगळ्यांचाच जुना नियम होता. मध्येच पाणी प्यालं की खेळाडू जड होतो, असं मला शिकवणारे सांगायचे आणि मीही तेच सांगायची. एका रविवारी कमलनं पाणी मागितलं. मी म्हणाले, "नंतर."

सर खुर्चीतून उठले. रांजणात तांब्या बुडवून त्यांनी कमलच्या हातात दिला, तिच्याकडे न बघताच. मुली घरी गेल्यावर ते मला म्हणाले, "आज म्या सांगतो, तुम्ही ऐका."

"बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात माझा कप्तान गेला. गंगाधर. लोह्याच्या मैदानावर. उन्हात पळवून ऱ्हायलो होतो त्याला. त्यानं पाणी मागितलं, म्या म्हणलं, नंतर. पडला तो उठलाच न्हाई. हेडमास्तरनं इचारलं न्हाई, सर, काय झालं म्हणून. गावानं न्हाई. त्याचा बाप शिवाप्पा, त्यानंबी न्हाई. उलट मलाच म्हणला, तुमचा काय दोष, ऊन लई होतं. एकानं तरी इचारायला पायजे होतं, बाई. म्या सांगितलं असतं."

आम्ही ज्याला सरांची पद्धत समजत होतो, ती भीती होती. पळणारं लेकरू त्यांना बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मुली हवं तेव्हा पाणी पिऊ लागल्या, आणि सर येतच राहिले.

सर वारले तेव्हा मी लोह्याला त्यांच्या जुन्या घरी भेटायला गेले. ओट्यावर कपाळाला भस्म लावलेले एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. मी लातूरहून आले, सरांच्या हाताखाली शिकले म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. ते शिवाप्पा होते, गंगाधरचे वडील. गावात त्यांचं किराणा दुकान होतं.

"दर शिवरात्रीला दुकानात यायचे सर," ते म्हणाले. "बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. मला कळायचं, हे काईतरी सांगाया आलेत. पर म्या म्हणलं, कशाला माणसाला टोचायचं." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुमाला काई बोलले का ते? गंगाधर लई बुजरा होता. घरात तहान लागली तरी मागायचा न्हाई. त्या रोजी त्यानं पाणी मागितलं का, येवढंच मला इचारायचं होतं."

घरात सरांच्या फोटोला नुकताच हार घातला होता. ठाऊक नाही म्हटलं असतं तर सर सुटले असते. पण मला ते जमेना.

"मागितलं होतं," मी म्हणाले. "सर म्हणाले, नंतर."

शिवाप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मागितलं होतं म्हणता. मंग मुका न्हाई गेला माझा गंगू. सरांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं की, बाई."