कोपऱ्याच्या खोलीतली पार्टनर

जालन्यात त्या काळी जेवढी माणसं राहत होती, त्यांतली निम्मी माझ्या पार्टनरच्या गळ्यात बिनभाड्यानं मुक्कामाला होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. तिच्या शेजारच्या कॉटवर कॉलेजची सगळी वर्षं काढलेली बाई या नात्यानं सांगते. एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारणारा, नगरपालिकेचा नळ सोडणारा, आमच्या रेक्टरबाई, समोरच्या पिठाच्या गिरणीचा तापट मालक आणि वीज गेल्यावर त्या गिरणीनं सोडलेला उसासा, सगळे तिच्याकडं होते. ती स्वतः काडीसारखी, सावळी, अंबडकडच्या एका शेतकऱ्याची लेक. नकला करणारी माणसं हातवारे करतात, तोंडं वेंगाडतात. हिचं काहीच हलत नसे. डोळे अर्धे मिटायची, मानेवर एक बोट टेकायची आणि खोलीत कुणीतरी येऊन बसायचं.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झाले. भाऊ, म्हणजे माझे वडील, तीर्थपुरीला शाळामास्तर. आई मी सातवीत असताना गेली. आत्याचं म्हणणं, पोरीला उजवून टाका. माझं म्हणणं, शिकायचंय. भाऊ दोघींच्या मधे. शेवटी मला घेऊन जालन्याला आले ते अट घालूनच: राहायची जागा आणि सोबतची मुलगी मनाला पटली तर ठीक, नाहीतर परत घरी, आणि आत्यानं बघितलेल्या स्थळाला होकार. पहिलं वसतिगृह रेल्वे स्टेशनच्या पलीकडं, ते लांब म्हणून भाऊंनी बाद केलं. दुसऱ्यात मुली एवढ्या दाटीनं राहत होत्या, की मला बघताच त्यांनी आपापल्या ट्रंका पुढं ओढल्या. तिसरं एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जुन्या कचेरीत. शहाबादी फरशी, मागं विहीर, फाटकाला कुलूप. भाऊंना पसंत पडलं. रेक्टरबाई मात्र घुटमळल्या.

"एकच जागा आहे, वरच्या कोपऱ्याच्या खोलीत. पण तिथं मुली टिकत न्हाईत."

"का बरं?"

"आता काय सांगू, मास्तर. चला, बघा तुम्हीच."

जिना चढतानाच वरून भांडण ऐकू आलं. एक म्हातारी कुणाला तरी झापत होती, दुसरी बाई मुसमुसत होती आणि एक पुरुष "जाऊ द्या हो, जाऊ द्या" करत मधे पडत होता. पुरुषाचा आवाज ऐकून भाऊ पायरीवरच थांबले. रेक्टरबाईंनी दार ढकललं. आत एकच मुलगी, केसांना तेल लावत बसलेली. खिडकीला गज होते, दुसरं दार नव्हतं. भाऊंनी वाकून कॉटखाली बघितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "न्हाई कुणी, काका. करमत नव्हतं म्हणून मंडळी बोलवल्ती."

भाऊंनी माझी ट्रंक परत उचलली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि रिकाम्या कॉटखाली सरकवली. भ्यायले नव्हते असं नाही, पण मला ते स्थळही डोळ्यांसमोर दिसत होतं.

"बरं," भाऊ म्हणाले, "पोळ्याच्या सुमाराला येतो. तव्हा काय ते ठरवू."

आधीच्या मुली का पळाल्या ते हळूहळू कळलं. एकीला म्हणे दुपारी झोपेतून जाग आली, तेव्हा ती स्वतःच खोलीत कुणाशी तरी गप्पा मारत होती. तिनं त्याच दिवशी गाशा गुंडाळला. मी तसली नव्हते. मी पार्टनरला सांगून टाकलं, "माझ्या आवाजात बोलायचं तर बोल, पण माझ्या नावावर मूर्खासारखं बोलू नको." तिला हे एकदम पटलं. बाकी ती फार उपयोगी बाई होती. सिनेमाला गेलेल्या मुलींची संध्याकाळची हजेरी ती देत असे, प्रत्येकीची वेगळी, सर्दी झालेलीची सर्दीसकट. एकदा सिनेमाला निघालेली मुलगी ऐनवेळी परतली आणि हजेरीला एकाच नावाला दोन कोपऱ्यांतून एकच आवाज आला. खरी मुलगीच घाबरून रडायला लागली. रेक्टरबाई त्या दिवसापासून कंदील प्रत्येकीच्या तोंडाजवळ धरून हजेरी घेऊ लागल्या.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नसे. आमच्या गल्लीत एक म्हातारी मुसलमान मावशी, सगळ्यांची खाला, पालेभाजी विकायला यायची. तिची "मेथी, चुका, ताजा अंबाडी" अशी लांबलचक हाळी असे, शेवटी जरा फाटणारी. ती वारली. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्याच वेळेला, गल्लीत तीच हाळी आली. बायका परड्या घेऊन ओट्यावर आल्या. भाव विचारायला एकीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. रस्ता रिकामा होता. कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं होतं. मी खिडकीतून मागं बघितलं, तर पार्टनर कॉटवर मांडी घालून, मानेवर बोट.

"लाज न्हाई वाटत?" मी म्हणाले.

"गल्लीला आदत होती ना तिची," ती म्हणाली. "असं एकदम कसं बंद करायचं? जरा जरा कमी करत जाते."

आणि खरंच, पुढचे काही दिवस ती हाळी बारीक होत, लांब जात जात बंद झाली. नंतर गल्लीतल्या बायकाच पार्टनरला अंबाडीची भाजी आणून द्यायला लागल्या.

मग एका दुपारी मी वेणी घालत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "घट घाल गं, सुटती." मी "हो आई" म्हणून पेड ओढला आणि माझा हात तिथंच राहिला. पार्टनरनं माझ्या आईला कधी बघितलेलं नव्हतं. फोटोसुद्धा नव्हता.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्यातूनच. तुझ्यातून तुला वजा केलं. जी उरली, ती बोलली."

मी तिला बजावलं, हे पुन्हा नको. ती हो म्हणाली. पण तिच्या हो म्हणण्याला काही अर्थ नव्हता, कारण ते नेमकं कोण म्हणालं हे कळत नसे.

पोळ्याच्या आधीच भाऊ आले. मी फाटकाशी भेटले. जिन्यातच त्यांनी सांगितलं, "स्थळाकडचे घाई करून राह्यले. आन् ही जागा काय मला बराबर वाटत न्हाई. सामान बांध." ते पुढं, मी मागं. त्यांनी दार लोटलं. पार्टनर पाठमोरी, खिडकीशी तांदूळ निवडत होती. तिनं वळून बघितलंही नाही.

"मास्तर, वहाणा भायेर," आईचा आवाज आला. "आत्ताच सारवलंय."

शहाबादी फरशीला कोण सारवतं? आणि आई भाऊंना मास्तर म्हणायची, तेही फक्त घरात, फक्त रागात. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, आणि मी त्याच्या नादीही लागले नाही.

भाऊंनी वहाणा काढल्या. उंबऱ्याबाहेर, जोड नीट जुळवून ठेवल्या. फरशी ओली असल्यासारखे कडेकडेनं चालत आले आणि माझ्या ट्रंकेवर बसले. पार्टनरनं वळून पदर सावरला. "अगं बाई, काका! पाणी देऊ?" पाणी पिताना भाऊ तिच्याकडं एकटक बघत होते.

"सामान बांधू ना?" मी विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले. "शिकायला आलीस न्हवं?"

त्यानंतर ते दर बाजाराला जालन्याला येऊ लागले. तीर्थपुरीचा बाजार सोडून जालन्याला. ओल्या शेंगा पार्टनरच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "बोल काहीबाही." ती नळवाला काढायची, रेक्टरबाई काढायची, गिरणी बंद पाडायची. भाऊ हसायचे, पण कान कुठंतरी दुसरीकडं लावून. तो एक आवाज मात्र तिनं काढला नाही. वर्षभरानं मी चिडून म्हणाले, "एकदा बोल की त्यांच्याशी. म्हाताऱ्याला किती झुलवतेस?"

"येडी का तू?" ती म्हणाली. "आइकलं की माणसाचं पोट भरतं. मंग ते कशाला येतील? आन् तुला इथं कशाला ठिवतील?"

असल्या हिशेबी मुलीला मी भुताटकीची समजत होते. पदवीनंतर तिला परतूरकडं लग्न करून दिली. पत्र लिहायची तिला सवय नव्हती, आणि खबर आणणारं कुणी मधे नव्हतं. इतकी माणसं घेऊन ती कुणाच्या घरात राहायला गेली आणि त्या घरानं त्यांना बोलू दिलं का, मला माहीत नाही.

पदवीची परीक्षा संपल्यावर भाऊ मला न्यायला आले, तेव्हा ती स्टँडवर पोचवायला आली होती. भाऊंच्या पाया पडायला वाकली, उठली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. गाड्यांच्या आवाजात मला शब्द कळला नाही. भाऊंनी फक्त मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. गाडी अंबडच्या पुढं गेली तरी ते खिडकीबाहेर बघत होते.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"ते माझं न् तुझ्या आईचं आहे," भाऊ म्हणाले. "तू मधी पडू नको."

कंडक्टर आला. मी दोघांची तिकिटं घेतली.