डून लेरीतलं जपानी मटण

माझ्या बायकोच्या मामांइतका मनापासून संतापणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात ते भूलतज्ज्ञ होते. दिवसभर लोकांना शांत झोपवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतः पेटायचं, असा त्यांचा दिनक्रम. आयर्लंडच्या पावसावर ते रागवायचे, कारण तो धड कोसळत नाही, नुसता अंगाला चिकटतो. इथं कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, म्हणून रागवायचे. इस्त्री असेल म्हणून उघडलं तर आत बशा निघाल्या, ही कैफियत ते नव्या पाहुण्याला हमखास ऐकवत. पण खरा संताप मटणावर. मामा कोल्हापूरचे. "डोंगरभर मेंढरं चरतात, आणि ही माणसं त्यांना पुदिन्याची गोड चटणी लावतात! मेंढराचा काही मान आहे की नाही?"

२०२१च्या उन्हाळ्यात कोरोनाची टाळेबंदी सैल झाली आणि हॉटेलांना बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली, तेव्हा मी आणि बायको त्यांना नि मामींना डून लेरी या समुद्रकाठच्या गावातल्या एका जपानी हॉटेलात घेऊन गेलो. जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर कोकराचं मटण भाजून खातात, ते तिथं मिळायचं. टेबलावर शेगडी, तिच्यावर उपड्या घमेल्यासारखा लोखंडी तवा, कडेनं कांदा-कोबी आणि मधल्या उंचवट्यावर मटणाचे पातळ काप. भाजायचं आपलं आपण.

"आपलं आपण?" मामांनी मास्क हनुवटीवर ओढला. "मग हॉटेलवाला काय करणार? टाळ्या वाजवणार? आणि हे काप बघा, यातून पेपर वाचता येईल! हाड कुठाय? रस्सा कुठाय?"

"अहो, हळू. लोक बघतायत," मामी म्हणाल्या.

"बघू देत! त्यांच्याच मेंढराची बाजू घेतोय मी."

वाढायला आलेल्या आयरिश मुलीला त्यांनी सगळी तक्रार इंग्रजीत पुन्हा ऐकवली. ती गोड हसून "ग्रँड!" म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘बरं, ठीक आहे’, आणि मटणाची दुसरी बशी ठेवून गेली.

"मी भांडतोय, आणि ही ग्रँड म्हणते!"

तेवढ्यात चरबी ओघळून कोबीत उतरली आणि खमंग वास सुटला. मामांनी एक काप सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकला. लगेच दुसरा टाकला. "चुकून बरं झालंय," तेही रागानंच म्हणाले, आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "जावईबापू, तुम्ही मटणाचा छळ करताय."

मग ते भाजत राहिले आणि आमच्या बशा भरत राहिले. बऱ्याच वेळानं माझं लक्ष गेलं, त्यांची स्वतःची बशी रिकामीच होती.

आधीचा सबंध हिवाळा मामा अतिदक्षता विभागात राबले होते. आजार घरी यायला नको म्हणून वरच्या खोलीत वेगळे राहायचे. मामी दाराबाहेर ताट ठेवून खाली जायच्या. त्या दिवसांत फोनवर मामा अजिबात रागवायचे नाहीत, आणि आम्हाला त्याचीच भीती वाटायची.

"मामा, तुम्हीही खा ना," मी म्हणालो.

"खातो हो. तिकडं माणसं नळीनं जेवायची, इकडं मी भिंतीकडं बघून. जरा तुम्हाला जेवताना बघू द्या."

मामींनी आपली खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी आणली.

आता मामा निवृत्त होऊन कोल्हापूरला परतलेत. त्यांचा फोन येतो. हवापाणी, तब्येत नंतर, आधी विचारतात, "आज कुणाबरोबर जेवलात?"